कुणालाच खोकला नाही

विहिरीने तळ दाखवला तेव्हाच गावाला कळलं, की यंदा खाणीवर गेल्यावाचून गत्यंतर नाही. तसं दर उन्हाळ्यात निम्मं गाव दगड फोडायला जायचंच. यंदा उरलेलं निम्मंही घणाचे दांडे तपासायला लागलं. शेतात बघावं तर ढेकळं, गोठ्यात बघावं तर बरगड्या, आणि आभाळात बघावं तर काहीच नाही. खाणीच्या मुकादमाचा ट्रक कधी येतो, एवढीच चौकशी ज्याच्या त्याच्या तोंडी होती. नेमकी अशा दिवसांत मोजणीबाई गावात आली.

मोजणीबाई काही परकी नव्हे, याच गावची लेक. शिकली, शहरात गेली, आणि कुठल्या मुलखाला दवाखाना हवा, किती खाटांचा हवा, तिथे कुठली यंत्रं लागतील, याचे आराखडे करून सरकारी कचेरीला द्यायचं काम करू लागली. कचेरीत या कामाला आरोग्य नियोजन सल्लागार असं ऐसपैस नाव होतं. गावाला ते नाव घेईपर्यंत हातातला चहा निवायचा. ही घरोघर जाऊन माणसं मोजते आणि त्यांचे आजार मोजते, इतकं गावाला समजलं, आणि गावाने तिची मोजणीबाई करून टाकली. तिनेही ते नाव गोड मानून घेतलं होतं.

यंदाचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. टेकडीच्या या पट्ट्यात एकच नवा दवाखाना होणार होता, डॉक्टर, छातीचा फोटो काढायचं यंत्र आणि बाळंतिणींची खोली असलेला. तो वरच्या गावाला द्यायचा, म्हणजे हिच्या, की सडकेवरच्या खालच्या गावाला, एवढंच ठरायचं होतं. जिथे आजार जास्त तिथे दवाखाना, असा सरळ हिशेब. कचेरीतले साहेब म्हणाले होते, तुमचंच गाव आहे, लोक तुमच्याशी मोकळं बोलतील. तिलाही तसंच वाटलं होतं. वहिनीचं पहिलं मूल पावसाळ्यात बैलगाडीत, ओढ्याच्या अलीकडे, जन्मता जन्मता गेलं होतं. त्या दिवशी गाडीत वहिनीचं डोकं हिच्याच मांडीवर होतं. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की तिला दुसरं काही सुचत नसे.

पहिलं घर तिने भावाचंच धरलं. सोबत नर्सबाई होती. ही नर्सबाई आठवड्यातून एकदा सायकल ढकलत यायची, बाळांना टोचून आणि बायांची बोलणी खाऊन परत जायची. दादा अंगणात पाय पसरून घणाच्या नव्या दांड्याला रंधा मारत बसला होता. उघड्या पाठीवर लाकडाचा भुसा चिकटलेला, आणि बरगड्या अशा, की बाहेरूनच मोजून घ्याव्यात.

मोजणीबाईने टॅब उघडला आणि परक्या माणसाला विचारावं तसं रीतसर विचारलं. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला?

"नाही," दादा म्हणाला. रंधा थांबला नाही.

ओसरीवर आई बसली होती. तिला ऐकू कमी यायचं, पण जे ऐकू यायला नको ते बरोबर यायचं. ती म्हणाली, "अरे, नाही काय? पहाटेपासून ढास लागलेली असते याला. माझी झोप मोडते."

"आईला स्वप्न पडतं," दादा म्हणाला.

त्यावर आई म्हणाली, स्वप्नात खोकणारा मेला तूच असतोस. स्वयंपाकघरात वहिनीच्या हातून तांब्या पडला आणि गडगडत दारापर्यंत आला. नर्सबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मोजणीबाई भावाच्या गळ्याकडे बघत होती. आवंढा गिळल्यासारखा गळा खाली-वर होत होता. तो खोकला गिळत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तिच्या कामाचा नियम असा, की माणूस सांगेल तेच लिहायचं, आपल्या डोळ्यांनी बघितलेलं नाही. तिने लिहिलं, खोकला नाही.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. एका घरात गडी उभा होता भिंतीला टेकून, बोलता बोलता दोनदा थांबून श्वास घ्यायचा, आणि सांगत होता की गेल्या साली सर्दीसुद्धा झाली नाही. दुसऱ्या घरात तर कहर. तिने विचारलं दम लागतो का, तर घरधन्याने अंगणातला पाटा उचलून दाखवला. उचलला खरा, पण खाली ठेवल्यावर त्याचे ओठ निळसर पडले आणि बायकोने घाईघाईने पाहुण्यांना चहाचं विचारलं. ऊन डोक्यावर आलं, तापलेला वारा तोंडात धूळ भरत होता, आणि मोजणीबाईच्या टॅबमध्ये एक असं गाव तयार होत होतं की ज्यात कुणालाच काही होत नाही. तिला हसावं की रडावं कळेना. ज्यांच्यासाठी चोरी करावी त्यांनीच चोर म्हणावं, तशातली गत.

वाटेत ती नर्सबाईवर घसरली. दर आठवड्याला येता, तुम्हाला माहीत नाही कोण खोकतं ते? नर्सबाई सायकल ढकलत शांतपणे म्हणाली, की माहीत आहे, पण विचारलंत तुम्ही, आणि उत्तर दिलं त्यांनी. मी मधे कोण?

संध्याकाळी ती वहिनीबरोबर पाण्याला गेली. ओढा कोरडा ठक्क होता. त्याच्या वाळूत बायांनी खड्डे उकरले होते, प्रत्येक घराचा वेगळा. खड्ड्याच्या तळाला पाणी पाझरायचं, ते वाटीने उपसायचं, फडक्यातून गाळायचं, की घागर भरेपर्यंत कंबरेचा काटा ढिला. वहिनी खड्ड्यात उकिडवी बसली होती, मोजणीबाई वर घागर धरून उभी. चार वाट्या झाल्या की थांबायचं, पाणी पुन्हा साठू द्यायचं. या थांबण्यातच बायकांच्या सगळ्या गोष्टी होत असत.

"वहिनी, दादाच्या थुंकीत रक्त असतं ना?" तिने विचारलं.

वहिनीने वाटी वाळूवर उपडी ठेवली, पुन्हा सुलटी केली. मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही हे सगळं त्या दिवशी मोठ्याने वाचणार ना? गावासमोर?"

मोजणीबाई म्हणाली, वाचणार तर. तीच तर पद्धत आहे. आणि सांगताना तिचा आवाज नकळत जरा चढला, कारण ही पद्धत तिची स्वतःची होती. पूर्वी मोजणीची माणसं झाडाखाली बसून मनाने आकडे भरायची आणि गावात पाऊल न टाकता आराखडे व्हायचे. म्हणून तिने सुचवलं होतं, की मोजणी संपली की सगळ्या गावाला एकत्र बसवायचं, एकेका घराचं नाव घेऊन काय लिहिलं ते मोठ्याने वाचायचं, आणि घरच्या माणसाने उभं राहून बरोबर की चूक ते सांगायचं. कचेरीला ते इतकं आवडलं, की सगळ्या मुलखाला तोच नियम झाला. साहेबांनी भाषणात तिचं कौतुक केलं होतं. त्या दिवशी तिने घरी फोन करून आईला, ऐकू जावं म्हणून ओरडून, सगळं सांगितलं होतं.

"खालच्या गावात गेल्या साली तुम्हीच वाचलंत ना?" वहिनी म्हणाली. "मुकादम बसला होता पुढे. खुर्ची टाकून. ज्यांचं खोकला म्हणून नाव आलं, त्यांच्यातल्या एकालाही ट्रकमध्ये घेतलं नाही. मालकाला आजारी माणूस नको. तिथे मेला तर पंचाईत. माझ्या माहेरचे दोघं होते त्यात. एक आता लाकडं विकतो. एकाचं तर विचारूच नका."

मोजणीबाईच्या हातातली घागर कलली आणि मघापासून जमवलेलं पाणी वाळूत गेलं. वहिनीने एवढंच म्हटलं, की सावकाश, आणि पुन्हा वाटी खाली घातली.

मोजणीबाईला ते वाचन आठवत होतं. पुढे बसलेला मुकादमही आठवत होता, पान खात, मान हलवत ऐकणारा. गावकऱ्यांच्या आरोग्याबद्दल बाहेरच्या माणसालाही किती आस्था आहे, असं तिने तेव्हा अहवालात लिहिलं होतं. आता ते वाक्य आठवून तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. इतकी वर्षं मुलूखभर हिंडलो, आणि माणसं खोकला का गिळतात एवढं आपल्याला घरच्या बाईने वाळूत बसून सांगावं लागलं. आणि मोजणी धरली ती कधी, तर ट्रक यायच्या तोंडावर. तिला कचेरीचा राग आला, मुकादमाचा आला, दादाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. रिकामी घागर तशीच कडेवर घेऊन ती पुन्हा खड्ड्याशी बसली. दोघींनी पहिल्यापासून पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी तिने दादाला गोठ्यामागे गाठलं. तो घणाच्या डोळ्यात दांडा बसवत होता. दांडा सैल पडत होता म्हणून पाचर तासत होता, आणि तासता तासता मधेच थांबून, तोंडावर पंचा धरून, आत आत खोकत होता. आवाज बाहेर येऊ द्यायचा नाही, अशी सवयच लागून गेली होती. तिला बघताच त्याने पंचा मांडीखाली सरकवला.

ती म्हणाली, मला सगळं कळलंय. मी वाचणार नाही. नियम माझा आहे, मी मोडते. नावं कचेरीत राहतील, गावासमोर येणार नाहीत. गावासमोर नुसता आकडा सांगेन, इतक्या माणसांना खोकला, संपलं. तू खरं सांग, म्हणजे बाकीचे सांगतील. तू माझा भाऊ असून गिळतोस, तर दुसरे कशाला तोंड उघडतील?

"आणि दवाखाना कधी होईल?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं लागतील."

"आणि ट्रक परवा येईल," दादा म्हणाला. त्याने पाचर ठोकली. घण उचलून झटका देऊन बघितला, दांडा हलला नाही. मग घण खाली ठेवून तो तिच्याकडे न बघता बोलू लागला. थुंकीतून रक्त पडायला लागलंय असं म्हणाला. गेल्या पावसाळ्यापासून. खडीच्या यंत्राला दगड भरायचं काम होतं, तिथे पांढरी धूळ अशी उडते की शेजारचा माणूस दिसत नाही. तोंडाला फडकं बांधलं तर श्वास पुरत नाही, नाही बांधलं तर धूळ पुरते. चढ चढताना मधे बसावं लागतं, म्हणून तो आता बैलाचं निमित्त करून बसतो. बैलाला दम लागलाय म्हणतो. बैलही बिचारा काही बोलत नाही.

मोजणीबाई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"लिही," तो म्हणाला. "पण वाचू नको. शब्द दे."

तिने दिला.

मग काय झालं ते गावाला नवल वाटावं असं झालं. दादाने सांगितलं हे घरोघर पोचलं, आणि दुसऱ्या फेरीत दारं उघडली. पाटा उचलून दाखवणारा म्हणाला, काल पाटा उचलल्यापासून छातीत कळ आहे, तेही लिहा. भिंतीला टेकणारा म्हणाला, मी भिंतीला टेकत नाही, भिंतच मला धरून असते. एक म्हातारी, जिचा मुलगा आणि नातू दोघंही खाणीवर जायचे, तिने मोजणीबाईचा हात धरून विचारलं, वाचणार नाहीस ना? ती म्हणाली, नाही आजी, शब्द दिलाय. म्हातारीने मग दोघांचंही सांगितलं, आणि वर स्वतःच्या गुडघ्यांचंही सांगून घेतलं. सांज होईतो गावातला जवळजवळ प्रत्येक खाणकामगार तिच्या टॅबमध्ये खोकत होता. नर्सबाईसुद्धा उत्साहात आली आणि तिने सायकल चक्क स्टँडवर लावली.

मोजणीबाईने दोन्ही फेऱ्यांचं सगळं कचेरीला पाठवून दिलं. पाठवलं की टॅबला कुलूप पडायचं, मागाहून कुणी फिरवाफिरवी करू नये म्हणून. हाही नियम तिचाच.

सकाळी साहेबांचा फोन आला. साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी गोड आवाजात विचारलं, की पहिल्या फेरीत गाव ठणठणीत होतं, एका दिवसात एवढी साथ कसली आली? तिने सांगितलं, लोक भीत होते, आता बोलले. साहेब म्हणाले, मला पटतं हो, पण खालच्या गावच्या पुढाऱ्याने कालच तक्रार केलीय की बाईंचं माहेर आहे, आकडे फुगवणार. तेव्हा आपण असं करू, वाचन मीच येऊन करतो. उद्याच. म्हणजे तुमच्यावरही बालंट नको.

तिने नुसते आकडे वाचायची विनंती केली. नावं वाचली तर माणसांची कामं जातील, तेही सांगितलं. मुकादमाला बसू देऊ नका, असंही म्हणून बघितलं.

"अहो, उघड्यावरची बैठक, कुणाला उठवणार?" साहेब म्हणाले. "आणि तुम्हीच म्हणाला होतात ना, नाव घेतलं की खोटं टिकत नाही? तुमचीच पद्धत आहे. आता तुमच्याच गावाला सवलत कशी देऊ?"

साहेबांनी फोन ठेवला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी. तिने स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ होती आणि आता दातांनीही सुटत नव्हती.

उन्हं वर यायच्या आत ती घरोघर सांगत सुटली. उद्या वाचन आहे. साहेब वाचणार आहेत. नावासकट. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीला टेकणारा एवढंच म्हणाला, बरं. पाटेवाल्याच्या बायकोने पाठ फिरवून भांडी घासायला घेतली, घासलेलीच. म्हातारीने तिचा हात पुन्हा धरला आणि म्हणाली, "तू शब्द दिला होतास बाई." बस, एवढंच. ते एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून तिने आयुष्यभर लिहिलेले सगळे अहवाल फाडून टाकले असते.

घरी आल्यावर तिने दादाला सांगितलं. तो जेवत होता. हातातला घास त्याने खाल्ला, पाणी प्यायला आणि म्हणाला, आईला उद्या घरातच ठेवा.

वाचन शाळेपुढच्या पटांगणात झालं. साहेब जीपमधून आले, त्यांना टेबल मिळालं. मुकादम ट्रक घेऊन त्याच सकाळी आला होता, त्याला खुर्ची मिळाली. जाडजूड, हसरा, सगळ्यांची विचारपूस करणारा माणूस. गाव उन्हात जमिनीवर बसलं. गडी एका बाजूला, बाया एका बाजूला. मोजणीबाई टेबलाच्या कडेला उभी होती, कचेरीची म्हणून, आणि आज तिला तिथे उभं राहायचीच लाज वाटत होती.

गावाच्या तोंडावरचं घर दादाचं, म्हणून पहिलं नाव त्याचं. तो उठून उभा राहिला. धुतलेला सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

"घरधनी, खाणकामगार," साहेबांनी वाचलं. "खोकला, वर्षभरापासून. थुंकीत रक्त. चढावर दम. बरोबर?"

मुकादमाने खुर्ची जरा पुढे सरकवली.

"चूक," दादा म्हणाला.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "चूक म्हणजे? तुम्ही असं सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं."

साहेबांनी दुसरं नाव घेतलं. भिंतीला टेकणारा पटांगणात भिंत नसताना ताठ उभा राहिला आणि म्हणाला, चूक. पाटेवाला म्हणाला, चूक, आणि वर म्हणाला, मला तर कालच नात्यातल्या पोराने कुस्तीला बोलावलंय. बाया हसल्या. म्हातारीचा मुलगा उठला, तिचा नातू उठला. चूक, चूक. दादा अजून उभाच होता. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं नव्हतं आणि त्यालाही खाली बसताना दाबलेलं सुटेल अशी भीती असणार. मोजणीबाईला तो समोरच दिसत होता. त्याच्या मानेची शीर फुगली होती. पायाशी धूळ उडत होती, वारा होता, आणि त्याचा गळा खाली-वर, खाली-वर होत होता. चेहरा आधी लाल झाला, मग काळपट. डोळ्यांत पाणी तरारलं. मुकादमाची हसरी नजर बाकी सगळ्यांवरून फिरून दादावर येऊन थांबली होती.

"मग हे लिहिलं कुणी?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

नर्सबाईने अंगठ्याकडे बघितलं. वहिनीने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"मी लिहिलं," मोजणीबाई म्हणाली. "माझ्या मनाने लिहिलं. गावाला दवाखाना मिळावा म्हणून."

पटांगणात एकदम गलका झाला. माणसं उठली, वळली, आणि त्या गर्दीत दादा मागच्या मागे सरकून शाळेच्या कोपऱ्याआड गेला. क्षणभराने तिथून तो आवाज आला, कोंडलेला, फाटका, थांबता न थांबणारा. मुकादमाने मान तिकडे वळवली. तेव्हा मोजणीबाई टेबलाच्या पुढे आली आणि मोठ्याने बोलू लागली. म्हणाली, ऐका सगळे, दुसऱ्या फेरीत एकाही घरात मी काही विचारलं नाही. ओसरीवर बसून भरलं सगळं. रक्त मी लिहिलं, दम मी लिहिला, म्हातारीचे गुडघेसुद्धा मीच लिहिले. आवाज तिकडून वाढला तसा तिने इकडून वाढवला. घसा खरवडला तरी ती थांबेना. साहेब हात वर करत होते, बाई पुरे, बाई पुरे, आणि ती नवनवी खोटी कबुली शोधून शोधून ओरडत होती. आयुष्यात तिने एवढ्या जोराने काही वाचलं नव्हतं. कोपऱ्याआडचा आवाज बसला तेव्हा ती थांबली.

साहेबांनी कागद गोळा केले. ते चिडले नव्हते, खट्टू झाले होते, आणि तेच जास्त लागलं. म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पहिल्या फेरीचे आकडे खरे धरतो. या गावाला गरज दिसत नाही, दवाखाना खालच्या गावाला जाईल. आणि तुम्ही आता कचेरीत येण्याचे कष्ट घेऊ नका. मग ते जीपकडे जाताना थांबून म्हणाले, पद्धत मात्र चांगली होती तुमची. बघा, खोटं बरोबर पकडलं.

गावातलं कुणी तिच्याशी बोललं नाही, पण त्या संध्याकाळी ती ओढ्यावर गेली तेव्हा वहिनीच्या खड्ड्यात पाणी आधीच उपसून दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या. कुणी भरल्या ते वहिनीलाही ठाऊक नव्हतं. पाटेवाल्याची बायको लांबच्या खड्ड्यात मान खाली घालून बसली होती.

सकाळी ट्रक भरला. मुकादमाने एकेकाच्या पाठीवर थाप मारून वर चढवलं. थाप जरा जोरातच मारायचा, छाती वाजते का ते बघायला. दादाच्या पाठीवर दोनदा मारली. दादा हसला. मुकादमही हसला, आणि मोजणीबाईला म्हणाला, "बरं झालं बाई तुम्ही कबूल केलंत. नाहीतर एवढी धट्टीकट्टी माणसं तुम्ही आजारी पाडली असती."

तिच्या हातात दादाचा घण होता. तो मुकादमाच्या डोक्यात घालावा असं तिला अगदी स्पष्ट वाटलं, आणि तिने तो मुकाट वर दिला. दादाने वरून वाकून घेतला. घण हातात येताच तो जरा खाली झुकला, तेवढंच. ज्या धुळीतून त्याला वाचवायला ती आली होती, तिच्यातच जाता यावं म्हणून काल तिने नाव घालवलं होतं. भांडायचं कुणाशी, तेच तिला कळत नव्हतं.

इंजिन सुरू झालं. त्या आवाजात दादाने मोकळेपणी एकदा खोकून घेतलं, पंचाने तोंड पुसलं, पंचा बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. मग फळकुटावरून वाकून तो तिला म्हणाला, "अगं, उन्हाळ्यात येत जाऊ नको मोजायला. पावसात ये. ट्रक परत आलेला असतो. पावसात आम्ही सगळे आजारी असतो."

"आता मला कोण पाठवणार?" ती म्हणाली.

त्याला ते ऐकू गेलं नाही. ट्रक हलला होता. ओसरीवरून आई ओरडून विचारत होती, की काय म्हणाला तो, काय म्हणाला. वहिनी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, काही नाही, बरा आहे म्हणाला.